घोरपडीचं माप

हैबतराव महाराजांच्या लाडक्या घोरपडीनं तिसरा पिंजराही फोडला, आणि कोठडीत गेला तो पिंजरा विणणारा सटवाजी बुरूड. घोरपडीला कोण काय बोलणार? तिचं नाव चंपाकली. रोज सहा अंडी तिच्या जेवणाला, गळ्यात सोन्याची साखळी, आणि पिंजरा सिंहासनाच्या उजव्या हाताला. तिथं पूर्वी प्रधानजी बसायचे. ते आता खांबाला टेकून उभे राहत.

दुसऱ्या दिवशी सटवाजीची लेक भिवरा हिला दरबारात बोलावणं आलं.

"चौथा पिंजरा तू विणायचा," महाराज म्हणाले. "माप तेच, तीन हात. पण या खेपेला चंपाकलीनं भिंतीला नखसुद्धा लावता कामा नये. ती खुशीत फिरली, तर तुझा बाप सुटला. पिंजरा फुटला, तर तुम्ही दोघं राज्याबाहेर."

"तीन हातांत ती वळणार कशी, महाराज? माप जरा वाढवून मिळालं तर…"

प्राणीखात्याचे कारभारी विसाजीपंत घसा खाकरत पुढे झाले. त्यांनी कागद उलगडला.

"हुकूम असा आहे. पिंजरा प्राण्याच्या मापाचा असावा, आणि माप त्या प्राण्यावरूनच घ्यावं. मी स्वतः काठी लावून मोजलंय. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन हात. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही."

"आणि त्यावर माझा शिक्का आहे," महाराज कौतुकानं म्हणाले. "एकदा शिक्का उठला की मलाही तो हुकूम बदलता येत नाही."

भिवरा पंतांकडे वळली.

"पंत, तुम्ही मोजलंत कधी?"

"भल्या पहाटे. मुहूर्त बघून."

"तेव्हा ती काय करत होती?"

"काही नाही. ओंडक्यासारखी पडून होती. फार गुणी जनावर."

भिवरानं हसू गिळलं. बांबूच्या बेटात तिनं घोरपडी लहानपणापासून बघितल्या होत्या. गारठ्यात त्या लाकडासारख्या पडून राहतात, आणि ऊन चढलं की त्यांच्या अंगात वारं शिरतं.

"महाराज, हुकूम बरोबर आहे. वेळ तेवढी चुकली. आम्ही कोंबडीसाठी डालगं विणतो, तेव्हा खुडूक बसलेली कोंबडी मोजत नाही. ती काय, वीतभर दिसते! तिनं पंख झाडले की मग मोजतो. चंपाकलीचं मापही ती जागी असताना घ्यायला हवं. हुकुमात पहाट लिहिलीय का?"

पंतांनी कागद पुढून बघितला, मागून बघितला. पहाट कुठंच नव्हती.

भर दुपारी सगळा दरबार राजवाड्यामागच्या बागेत जमला. भिवरानं चंपाकलीच्या गळ्यातली साखळी काढली, कमरेला सुतळी बांधली आणि सुतळीचा गुंडा हातात धरला. चंपाकली तापलेल्या फरशीवर पोट टेकून पडून राहिली.

"बघा," पंत म्हणाले. "हललीसुद्धा नाही. तीन हात."

तेवढ्यात चंपाकलीची जीभ लपकन बाहेर आली. मान वर झाली. आणि ती जी सुटली! गुलाबाच्या ताटव्यातून आरपार गेली, मधेच थांबून कोपरभर खोल माती उकरली, हौदात उडी मारली, पलीकडून निघाली, आंब्यावर चढली, उतरली, पुन्हा पळाली. पहिला गुंडा संपला. भिवरानं दुसरा जोडला. तो संपत आला तसा तिसरा काढला.

"अगं, हे माप आहे की चेष्टा?" म्हणत पंत वाटेत आडवे झाले आणि हात पसरून उभे राहिले.

चंपाकलीला समोर काहीतरी सरळ, उभं, चढायला सोयीचं दिसलं. ती धोतरावरून उपरण्यावर आणि उपरण्यावरून थेट पगडीवर गेली. तिथं तिनं बैठक मारली आणि चारी दिशांना बघून घेतलं.

"पंत, हलू नका," भिवरा म्हणाली. "उंची मोजतेय."

महाराज मिशीत हसले, पण सुतळी कुठून कुठवर गेली ते पाहताच त्यांचा चेहरा उतरला. माप एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत भरलं होतं. हौद त्यात होता. आंबा त्यात होता. लांबून मागवलेले गुलाब तर सगळेच्या सगळे त्यात होते.

"ही बाग मी माझ्यासाठी लावलीय," ते म्हणाले. "शिक्का राहू दे बाजूला. तीन हातांच्या जनावराला एवढी जागा कशाला लागते ते मला पटवून दे. नाही पटलं, तर बापलेक उद्या वेशीबाहेर."

भिवराला कोठडीचं छप्पर इथूनही दिसत होतं. तिनं तिकडून नजर काढली आणि राजवाड्याकडे बघितलं.

"महाराज, आपलं माप किती?"

"साडेतीन हात. सगळ्यांचं असतं तेवढंच."

"आणि राजवाडा?"

"सात चौक, बावन्न खोल्या."

"मग पंतांच्या काठीनं आपल्याला एक पलंग पुरतो. त्याच्याभोवती बांबूच्या चार ताट्या उभ्या केल्या की झालं. मी आजच विणायला बसते, महाराज. आधी कुणाचा पिंजरा विणू? चंपाकलीचा की आपला?"

प्रधानजी आंब्याच्या खोडाकडे बघत राहिले.

आणि महाराज हसले. आधी खुसखुसले, मग पोट धरून असे हसले, की चंपाकली दचकून पगडीसकट खाली आली.

संध्याकाळच्या आत सटवाजी सुटला. महिनाभरात बापलेकींनी बागेभोवती उंच ताट्या उभ्या केल्या, वरची कड आत वळवून, म्हणजे चढलं तरी ओलांडता येऊ नये. महाराजांनी ओढ्याकाठचं बांबूचं बेट त्यांना इनाम दिलं. चंपाकलीला आता साखळीचं काम नव्हतं. ती साखळी महाराजांनी भिवराच्या गळ्यात घातली. सिंहासनाच्या उजव्या हाताला प्रधानजी पुन्हा बसू लागले.

आणि विसाजीपंतांना नवा हुकूम निघाला, शिक्क्यासकट: रोज भर दुपारी बागेत उभं राहून चंपाकलीची उंची मोजून घ्यावी.