माठावरचा स्पीकर

रेडिओभोवती सगळी आळी गोळा व्हायची, त्या काळातली ही गोष्ट. कुमुदताईंच्या रेडिओची लाकडी पेटी वाळवीने खाल्ली. उघडा पडलेला स्पीकर नुसता चिरकू लागला.

“आता भंगारातच घालायचा,” ताई हळहळल्या.

कोपऱ्यातला तडा गेलेला माठ स्पीकरला म्हणाला, “माझ्यात पाणी राहत नाही, पण पोट अजून मोठं आहे. माझ्या तोंडावर बस.”

“मी? मातीच्या भांड्यावर?” स्पीकर फणकारला.

तेवढ्यात तारा तपासताना ताईंनी त्याला सहज माठावर पालथा ठेवला आणि गाणं भरदार घुमू लागलं. ऐकून शेजारीपाजारी पुन्हा ओसरीवर जमले.

सगळे गेल्यावर स्पीकरने हळूच विचारलं, “माठदादा, मी जड तर होत नाही ना?”

“रिकामं बसणं याहून जड होतं रे,” माठ म्हणाला.