हैबतीची सोडणावळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. वेशीवरचा पिंपळ तेव्हा माझ्या पणजीच्या गुडघ्याएवढा होता, एवढंच मला ठाऊक. तेव्हा आमच्या वाघजाळीत हैबती नावाचा जागल्या होता, सगळे त्याला नाईक म्हणायचे. जागल्या म्हणजे गावाचा राखणदार. गावानं बिनघोर झोपायचं आणि त्यानं जागायचं. चोरी झालीच तर चोराचा माग त्यानंच काढायचा. माती त्याच्याशी बोलायची, असं म्हणतात. दवातलं पाऊल बघून तो सांगायचा, हा माणूस उपाशी आहे, ही बाई माहेराला निघालीय.

वर्षभर गावात चोरी झाली नाही की सुगीला प्रत्येक खळ्यावरून त्याला धान्य मिळायचं. गाव सुखात, तर हैबतीचं घर सुखात. सरळ रीत होती.

मग घाटाखालच्या ठाण्यावर नवा ठाणेदार आला. "चोर धरत नाही त्याला धान्य कशाचं?" म्हणाला. त्यानं खळ्यावरचं धान्य बंद केलं आणि आपली रीत घातली. माणूस बांधून आणायचा आणि माणसामागं पायलीभर जोंधळे न्यायचे. त्या जोंधळ्यांना नाव पडलं बांधणावळ. दळायची दळणावळ असते ना, तशी माणूस बांधायची बांधणावळ. घ्या!

पहिल्यांदा हैबतीनं खरा बैलचोर धरला. पायली घरी आली, त्याच्या बायकोचं, गोजराचं, जातं घरघरलं. पण खरे चोर काय झाडाला लागतात? दोन महिने जातं गप्प राहिलं. मग हैबतीनं घाटात वाट चुकलेला घोंगडीवाला बांधला. मग पडलेला आंबा उचलणारा वाटसरू बांधला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! गोजरानं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून माती त्याच्याशी बोलेनाशी झाली, असं म्हणतात.

एका सकाळी दाट धुक्यातून लखू बहुरूपी गावात आला. सोंगं घेऊन पोट भरणारा माणूस, कधी वाघ व्हायचा, कधी गोसावी. त्या दिवशी तो चोर झाला होता. तोंडाला काजळ फासलेलं, खांद्यावर रिकामं गाठोडं. सोंग आहे हे आख्ख्या गावाला कळत होतं. हैबतीलाही कळत होतं. पण घरातलं जातं चार दिवस फिरलं नव्हतं. त्यानं दोर काढला.

लखूला वाटलं, नाईकही खेळात उतरले. त्यानं आपणहून हात पुढं केले. "बांधा नाईक, चांगले घट्ट बांधा! पण सोंग संपलं की सोडा बरं का."

"सोडतो की," हैबती म्हणाला.

गाव पोट धरून हसलं. दोघं घाट उतरून ठाण्यावर पोचले तेव्हा लखू म्हणाला, "नाईक, सोंग संपलं." हैबतीनं पायली उचलली आणि घाट चढायला लागला. मेल्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही हो! ठाण्यावरून माणसं किल्ल्यावर दगड फोडायला जायची, आणि तिथून परतलेला कुणी बघितला नव्हता.

गोजरा दळायला बसली. जोंधळे पांढरेशुभ्र, पण पीठ पडलं ते काळं. तिनं जातं पुसलं, दुसरी मूठ घातली. पुन्हा काळंच. घाम पुसायला हात तोंडाला लावला, तर तोंडाला काजळ लागलं. "अवं," ती ओरडली, "मी हे कुणाचं तोंड दळतीय?"

खाई त्याला खवखवे. हैबती घोंगडीवाल्यापासून सगळं सांगून मोकळा झाला. गोजरा रडली नाही. उरलेले जोंधळे तिनं फडक्यात बांधून त्याच्या हातात दिले. "सोडतो म्हणाला होतात ना? मग सोडून या."

हैबती पुन्हा घाट उतरला. ठाणेदार फडकं बघून हसला. म्हणाला, "किल्ल्यावर जेवढी माणसं कळवलीत तेवढी उद्या बांधलेली लागतात. हा सोडला, तर दुसरा दे."

हैबतीनं लखूची गाठ सोडली. तोच दोर आपल्या मनगटांना गुंडाळला. "घ्या. हे सोंग नाही, चोर खरा आहे. आणि माझी बांधणावळ याला द्या."

लखूनं ती पायली गोजराच्या दारात आणून ठेवली. तिनं मूठभर दळली. पीठ पांढरं पडलं, आणि मग मात्र ती ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी शिपाई हैबतीला घेऊन किल्ल्याकडं निघाले. खिंडीत धुकं उतरलं. धुकं निवळलं तेव्हा शिपायाच्या हातात दोर होता, दोराला गाठ तशीच होती, पण गाठीत हात नव्हते. दवात चार पावलं उमटली होती, पुढं काही नाही, असं म्हणतात. कुणी म्हणतं, छे, तो किल्ल्यावरच मेला. म्हणोत बापडे, मी नाही ऐकत. गोजरा मरेपर्यंत रोज सकाळी खिंडीत जाऊन दव बघायची. बांधणावळ मात्र त्याच साली बुडाली, कारण दोर कुणी हातातच घेईना.

अजूनही सुगी झाली की तोंडाला काजळ फासून बहुरूपी आमच्या गावात येतो. पोलीस पाटील पिंपळाखाली त्याचे हात बांधतो. बहुरूपी म्हणतो, "सोंग संपलं." मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई ती गाठ सोडते आणि त्याच्या झोळीत पायलीभर जोंधळे ओतते. त्याला आम्ही सोडणावळ म्हणतो. गेली तीन वर्षं ती गाठ मी सोडते. बोटं वाकडी झालीत, वेळ लागतो. तोवर गाव उभं राहतं, कुणी हसत नाही. आणि एरवीसुद्धा, गोठ्यातलं वासरू असो की माणूस असो, "सोडतो की" असं आमच्या गावात कुणी थट्टेत म्हणत नाही.