लॅपटॉपची मागची बाजू

"चौदा इंच की साडेपंधरा, सर? तेवढं एक सांगा, मी निघतो."

उंबरजे सर कीबोर्ड पुसत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

दुपारचे सव्वातीन झाले होते. बार्शीच्या उंबरजे टायपिंग इन्स्टिट्यूटमधली दोनची बॅच उठून गेली होती आणि चारची यायची होती. मधल्या तासात सर सगळे कीबोर्ड स्वतः पुसतात. ते काम ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

विचारणारे मुकुंद देशमाने, तहसील कचेरीतले अव्वल कारकून. पंचवीस वर्षांपूर्वी ते याच खोलीत टायपिंग शिकले. मिनिटाला चाळीस शब्दांच्या मराठी परीक्षेत जिल्ह्यात पहिले आले. ही गोष्ट ते अजूनही नव्या माणसाला पहिल्या भेटीत सांगतात.

"कुणासाठी हवाय?" सरांनी विचारलं.

"वैभवीसाठी. माझी मुलगी. अकरावीला लातूरला चाललीय, होस्टेलवर. सोमवारी सोडायचंय. पहिलाच लॅपटॉप. अभ्यासाला तर हवाच, थोडी करमणूकही झाली पाहिजे."

"मग तिला विचार."

"विचारलंय ना. सगळं रीतसर केलंय."

देशमान्यांनी फाइल उघडली आणि एक कागद सरांसमोर ठेवला. वर ठळक अक्षरात 'तुलनात्मक तक्ता'. खाली तीन लॅपटॉपचे तीन रकाने. वजन, पडदा, बॅटरी, वॉरंटी. कचेरीत खुर्च्या घेताना करतात तसा.

सरांनी कागद खालपर्यंत वाचला.

"ही सही कुणाची?"

"वैभवीची."

"कशाबद्दल?"

"तक्ता वाचला, समजला, मान्य आहे. उद्या म्हणायला नको, बाबांनी मनानेच घेतला."

"घरात आवक-जावक रजिस्टर पण ठेवलंयस का?"

देशमाने हसले. "तुम्ही पण ना, सर."

सर हसले नाहीत. त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं.

"इथे 'पसंती' लिहिलंय. खाली कोरं आहे."

"ती म्हणाली, कुठलाही चालेल. तशी समंजस आहे पोरगी. हट्ट नाही, मागणं नाही."

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मागणं नाही ते."

देशमाने फाइलची नाडी बोटाला गुंडाळत राहिले…

सरांचं बोट खाली सरकलं.

"करमणूक. तिन्ही रकान्यांत 'मर्यादित, रविवार'. हे कंपनीने दिलंय?"

"ते मी लिहिलंय."

"काय बघते ती? काय ऐकते?"

"गाणीबिणी."

"कुठली?"

"आता सर, कानात घालून ऐकतात. बाहेरच्याला कसं कळणार?"

सरांनी कागद खिडकीकडे धरला. तो तिरका केला. पुन्हा सरळ केला.

"बाकीचा तक्ता छापलेला आहे. शेवटची ओळ पेनाने लिहिलीय."

"हो…"

"'दूरवरून पाहण्याची सोय'. तिन्ही ठिकाणी 'आहे'. हे काय?"

देशमान्यांनी खुर्ची पुढे ओढली. खरं काम आता निघालं होतं.

"त्यासाठीच तुमच्याकडे आलो. दुकानदार एक सॉफ्टवेअर टाकून देतो. तिकडे तिच्या पडद्यावर जे असेल ते इथे माझ्या मोबाइलवर दिसतं. फक्त तिला कळता कामा नये. कुठल्या लॅपटॉपवर ते गुपचूप चालेल, एवढं तुम्हाला नक्की सांगता येईल. दुकानदार काय, तिन्हीवर चालेल म्हणतो. त्याला विकायचंय."

"ही ओळ तिने वाचली?"

"नाही."

"म्हणजे सहीनंतर घातलीस."

"तेवढी एकच."

"कचेरीत सहीनंतर ओळ घातली तर काय होतं?"

देशमान्यांनी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"तुला विचारतोय, देशमाने. नियम तुला पाठ असतील."

"निलंबन होतं," देशमाने म्हणाले. "पण ती कचेरी, सर. हे घर आहे."

"हो ना. इथे कुणी निलंबित करत नाही… किंवा करतं, आणि त्याचा कागद येत नाही."

देशमान्यांचा चेहरा उतरला. मग त्यांना राग आला.

"सोळा वर्षांची मुलगी आहे, सर. लांब राहणार. बापाने बघायचं नाही?"

"आत्तापर्यंत काय बघितलंस?"

"मोबाइल बघतो. ती देते."

"मागतोस म्हणून?"

"नाही. मी कचेरीतून आलो की स्वतःच आणून टेबलावर ठेवते. लॉक काढून. मी तोंडातून शब्द काढत नाही."

"हे कधी सुरू झालं?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीत काय झालं?"

"काही विशेष नाही."

सर थांबले. हातातलं फडकं त्यांनी घडी करून टेबलावर ठेवलं आणि देशमान्यांकडे बघत राहिले…

"तिने मोबाइलवर मैत्रिणीला काहीतरी लिहिलं होतं," देशमाने म्हणाले. "माझ्याबद्दल."

"काय?"

"फालतू होतं."

"सांग तरी."

"'बाबा घरात आले की पंखासुद्धा हळू फिरतो.'"

सरांच्या ओठांचा कोपरा हलला.

"हसू नका, सर."

"चांगलं लिहिलंय पोरीने."

"मी ते भाऊबीजेच्या पंगतीत वाचून दाखवलं. माझे दोघे भाऊ होते, वहिन्या, त्यांची मुलं. चेष्टेत, बरं का. सगळे हसले. अजून कुणी घरी आलं की पंख्याकडे बघतात."

"ती?"

"तीही हसली. जेवण पुरं केलं. ताट उचललं, घासून ठेवलं. रडली नाही, काही नाही."

"आणि दुसऱ्या दिवसापासून मोबाइल टेबलावर."

"हो."

"त्यात काय असतं?"

"काही नसतं."

"पुसून टाकते?"

"नाही, सर. ते मी तपासलं. पुसलेलं काही सापडत नाही… ती काही लिहीतच नाही आता. मैत्रिणींनाही नाही. 'हो', 'नाही', 'ठीक आहे'. मलाही तेवढंच."

देशमाने टेबलाच्या कडेकडे बघत होते. पुढचं वाक्य त्यांनी हळू उच्चारलं.

"तिकडे गेल्यावर लिहील ना, सर. म्हणून बघायचंय."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन व्हायला आले होते.

सर उठले. कपाटातून त्यांनी स्वतःचा लॅपटॉप काढला. परीक्षेचे अर्ज भरायला ते तो वापरतात. त्यांनी तो देशमान्यांपुढे उघडला. मग घडी केलेलं फडकं झटकून त्यांच्या दोन्ही हातांवर आणि कीबोर्डवर पसरलं.

या खोलीत सगळे असेच शिकले. हातावर फडकं. बोटं दिसत नाहीत. आणि सर पाठ करून खिडकीशी उभे. कागद न बघता ते चूक सांगत. चुकलेल्या बोटाचा आवाज वेगळा येतो, असं ते म्हणत.

"तिला पत्र लिही," सर म्हणाले. "कुठला लॅपटॉप हवा, एवढंच विचार."

"एका ओळीचं तर आहे."

"मग लवकर होईल."

सर खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

देशमान्यांची बोटं चालू लागली. पंचवीस वर्षांनीही चाल तीच होती, भरभर आणि सारखी. मग थांबली. पुन्हा चालली. पुन्हा थांबली…

आठ मिनिटं गेली.

"झालं," देशमाने म्हणाले. कपाळावर घाम होता.

"पहिल्या ओळीनंतर सगळं खोडलंस," सर पाठमोरेच म्हणाले. "मग बराच वेळ बसून राहिलास. मग एक शब्द लिहून खोडलास. तोच पुन्हा लिहिलास. पुन्हा खोडलास. तिसऱ्यांदा तो लिहिला नाहीस."

"अजून ऐकू येतं तुम्हाला."

"सवय आहे."

"शब्द कुठला, तेही कळलं?"

"नाही."

"मग वाचा ना." देशमान्यांनी लॅपटॉप सरांच्या दिशेने वळवला. "बरोबर लिहिलंय का बघा."

सर आले. त्यांनी पडद्याकडे न बघता झाकण मिटवलं.

"मला लिहिलं नव्हतंस."

…

मग सर टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले. लॅपटॉप त्यांनी स्वतःकडे वळवून पुन्हा उघडला. आता देशमान्यांसमोर फक्त त्याची मागची बाजू होती. काळी, सपाट, एका कोपऱ्यात कसल्यातरी स्टिकरचा डिंक.

"आता मी लिहितो. तू ऐक."

सर लिहू लागले.

देशमाने बसले. अर्धं मिनिट बसले असतील. मग मान उंच केली. मग खुर्चीतून उठून झाकणावरून पलीकडे डोकावले.

सरांनी लॅपटॉप मिटवला.

देशमाने खाली बसले. सरांनी उघडला. पुन्हा लिहू लागले.

या खेपेला देशमाने जास्त वेळ बसले. हाताची घडी घातली. सोडली. घड्याळ बघितलं. मग बसल्याबसल्या टेबलाच्या कडेने वाकले.

लॅपटॉप मिटला.

"सर, हा काय पोरखेळ आहे?"

सरांनी तिसऱ्यांदा लॅपटॉप उघडला. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. पण लिहिलं काहीच नाही.

देशमाने वाट बघत राहिले. आता ते हलले नाहीत. श्वासही जपून घेत होते. तरी बोटं चालली नाहीत…

"काय लिहीत होता तुम्ही?" अखेर त्यांनी विचारलं.

"तू बसला होतास तेव्हा लिहीत होतो."

"आणि आता? आता मी बसलोय की."

"आता आठवत नाही."

देशमाने बराच वेळ त्या काळ्या झाकणाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. टाइप करताना त्यांचा अंगठा दोनदा घसरला. चार शब्द होते. 'तुला कुठला लॅपटॉप हवा?' ते त्यांनी मोठ्याने वाचले, वैभवीला पाठवले आणि मोबाइल टेबलावर ठेवला.

"आता कळेल," ते म्हणाले. "इतकी वाईट मुलगी नाही ती. विचारलं की सांगेल."

सर कीबोर्ड पुसायला उठले. तीन राहिले होते.

दुसरा कीबोर्ड पुसून होतोय तोच मोबाइल वाजला.

देशमान्यांनी तो झटकन उचलला. वाचला. पुन्हा वाचला. त्यांनी मोबाइल सरांपुढे धरला. सरांनी तो हातात घेतला नाही.

"तूच वाच. तुला आलंय."

देशमान्यांनी कचेरीत पत्र वाचून दाखवावं तसं वाचलं. आवाज मात्र कचेरीतला नव्हता.

"'तुम्हाला बघायला जो सोपा जाईल तो घ्या.'"

जिन्यात चपलांचे आवाज येऊ लागले. चारच्या बॅचच्या मुली लवकर आल्या होत्या. कुणीतरी काहीतरी बोललं आणि बाकीच्या खळखळून हसल्या. दाराशी आल्यावर त्यांनी आत पाहुणा बघितला, तशा गप्प झाल्या आणि बाहेरच्या बाकावर ओळीने बसल्या.

देशमाने त्यांच्याकडे बघत होते.

"तिला माहीत होतं," ते म्हणाले. "सही करताना माहीत होतं, सर. मी ओळ घालणार ते."

सरांनी शेवटचा कीबोर्ड जागेवर सरकवला.

"दरवेळी मी आत गेलो की तिचं बोलणं थांबतं. आत्ता या पोरींचं थांबलं तसं. मला वाटायचं, धाक आहे." ते सरांकडे वळले. "कुठला घेऊ, सर? आता तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तो घेतो."

"तिला दुकानात घेऊन जा. तिला निवडू दे."

"आणि मी?"

"तू बाहेर थांब."

"दुकानाच्या बाहेर?"

"हो."

"किती वेळ?"

"ती बोलावेपर्यंत."

देशमान्यांनी तक्ता उचलला. शेवटच्या ओळीवर त्यांची नजर गेली. त्यांनी कागदाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली…

"आणि नाहीच बोलावलं तर?"

सरांनी दाराकडे बघून मुलींना आत यायची खूण केली. मुली खाली बघत एकामागून एक आत आल्या आणि आपापल्या जागी बसल्या. सर्वांच्या हातांवर फडकी पसरून झाल्यावर सर खिडकीकडे वळले.

"सावली बघून उभा राहा."