पाण्याखालचा खडक

लाकूड फुटल्याचा तो आवाज सोमिलाने सात वर्षांचा असताना ऐकला आणि पन्नास वर्षे तो त्याच्या कानातून गेला नाही. त्या दिवशी खडकावर आपटून त्याच्या बापाची नाव फुटली होती. बापही परतला नव्हता.

पुढे अश्मक देशात, पोतली नगरात एक राजा राज्य करीत असताना, हा सोमिल गोदावरीवरच्या नावाड्यांचा मुख्य झाला. बोधिसत्त्व त्याच्या बहिणीच्या पोटी जन्माला आला आणि मामाच्याच नावेवर वल्हे मारू लागला.

सोमिलाने एक रीत घातली होती. नदीच्या मध्यावर वाळूचे बेट होते, त्याच्या टोकाशी तो खडक. बेट आले की सर्वांनी उतरायचे, ओझी डोक्यावर घेऊन पलीकडे चालत जायचे, आणि रिकामी नाव दोरांनी हळूहळू टोकावरून ओढून न्यायची. मग पुन्हा चढायचे. एका खेपेला अर्धा दिवस जाई. बाजाराला निघालेल्या बाया म्हणत, "सोमिलबाबा, नावेत आम्ही बसायचं, की नाव आमच्या डोक्यावर?" सोमिल हसत नसे. निघण्याआधी तो नावेची एकेक फळी बोटांनी वाजवून पाही. त्याची नाव कधी गळली नाही.

एका श्रावणात नदी चढली. पलीकडच्या टेकाडावर कुंभारांची साठ माणसे अडकली. दुपारपर्यंत एक खेप झाली, बारा माणसे आली. संध्याकाळी ते टेकाड राहणार नव्हते. नाव पुन्हा बेटाला लागली तेव्हा बेटावरही घोट्यापर्यंत पाणी होते.

बोधिसत्त्व म्हणाला, "मामा, तो खडक तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

"पाहायचा कशाला? ऐकलाय मी तो."

बोधिसत्त्वाने वाद घातला नाही. त्याने कमरेला दोर बांधला, दुसरे टोक मामाच्या हातात दिले. "हिसका बसला की ओढा," एवढे म्हणून त्याने बुडी मारली.

दोर सरसर गेला आणि थांबला. सोमिलाने दोर मनगटाला गुंडाळला. मग हिसका बसला.

"खडक आहे, मामा," वर येऊन धापा टाकत बोधिसत्त्व म्हणाला. "पण खालची वाळू कधीतरी वाहून गेलीय आणि तो आडवा झालाय. त्याच्यावर उभं राहून हात वर केला, तरी बोटांना वारा लागला नाही. पूर ओसरला तरी नाव वरून जाईल."

सारे पाण्याकडे पाहत राहिले. एवढा मोठा खडक नदीने कोणाला न सांगता निजवून ठेवला होता. तिचे काम केव्हाच झाले होते, आणि वर माणसे रोज ओझी वाहत होती.

"सरळ घे," सोमिल म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

नाव टोकावरून गेली. आवाज झाला नाही.

पुढच्या खेपेला घाईत एक नावाडी म्हणाला, "आता फळ्या वाजवणंही पुरे की!"

"ते नको," बोधिसत्त्व म्हणाला. "फळी आजही फुटेल."

चार खेपांत सगळी माणसे आली. शेवटी एक म्हातारी आली, तिच्या कडेवर बकरीचे पिल्लू होते. तिच्या मागे टेकाड पाण्याखाली गेले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तिथे पूर्वी एकदा नासलेल्या पेजेने एक भिक्षू दगावला होता. तेव्हापासून एका वृद्ध स्थविरांच्या नियमाने आजाऱ्यांची पेज आधी सात ओवऱ्यांतल्या भिक्षूंना तपासायला दाखवावी लागे. पोचेपर्यंत ती गार होई आणि आजाऱ्यांच्या घशाखाली उतरत नसे.

शास्ते म्हणाले, "टेकाडावरचे कुंभार म्हणजे आत पडलेले हे आजारी भिक्षू. सोमिल म्हणजे हे स्थविर. बुडी मारणारा भाचा मी होतो. आधी तळाशी जाऊन पाहावे, मग जुनी रीत सोडावी, हीच प्रज्ञा."

स्थविरांसमोर पेजेचे भांडे होते. त्यांनी झाकण उचलले. वाफ आली. एकदा वास घेऊन त्यांनी ते दोन्ही हातांत धरले आणि सरळ आजाऱ्यांच्या खोलीकडे निघून गेले.