शेवटच्या पानावरची आमटी

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता. त्याच्या घरी एक सोन्याची परात होती, तिच्यातलं अन्न कधी सरत नसे. मग काय, वाढायची हौस दांडगी. दर पौर्णिमेला भरदुपारी शंभर पानांची पंगत बसे. त्या राज्यात रीत अशी, की पाहुण्यानं पानावर हात धरून "नको, पुरे" म्हणायचं आणि यजमानानं तरीही वाढायचं. मागून कुणी जेवत नसे.

एके पौर्णिमेला शेवटच्या पानावर एक म्हातारी जोगीण बसली. ती हळूच म्हणाली, "बाळा, आमटी थोडी आणखी वाढ."

राजाला हसू आलं. "आजीबाई, मागून जेवता? बारा गावच्या उपाशी दिसता!"

राजा हसला तशी पंगतही हसली. हसली नाही ती एकटी चारुमती, राजाची धाकटी बहीण. ती पळी भरून म्हातारीकडे निघालीच होती. पण म्हातारी पानावरून उठली. म्हणाली, "राजा, तुझी पंगत अशीच बसून राहील."

आणि एकटा राजा सोडून सारी पंगत दगडाची झाली. हसणारे हसत, जेवणारे घास धरून, आणि चारुमती भरली पळी घेऊन.

जोगीण गेली. मागे एक साळुंकी राहिली, ती चारुमतीच्या दगडी खांद्यावर बसली. बोलू लागली.

"राजा, तुझ्या उंबऱ्याच्या आत तीन पाहुणे येतील. त्यातल्या एकानं तरी आपल्या तोंडानं, आपल्या मनानं, आणखी मागावं. तू वाढलंस की पंगत उठेल. तिघेही तसेच गेले, तर दगड तो दगडच."

चार वर्षांनी पहिला आला, शेजारचा राजा पद्मनाभ. धवलसेनानं चांदीचा पाट दिला, अत्तर लावलं. मग परात दाखवली, तांदूळ कुठून आणला ते सांगितलं, केशर कुठलं ते सांगितलं. पद्मनाभ ऐकत राहिला, भात गार होत राहिला.

"पुरे, महाराज," म्हणून त्यानं हात धुतला. परात निम्मी आटली.

आणखी चार वर्षांनी ढगावर बसून एक मांत्रिक उतरला. या खेपेस राजा शहाणा झाला होता. तो वाढी आणि म्हणे, "घ्या ना! काय हवं? मागा, संकोच नको, मागा तरी!"

मांत्रिक म्हणाला, "राजा, तू मला वाढतोस की माझ्याकडे मागतोस?" त्याचा बगळा झाला आणि तो उडून गेला. परात कोरडी पडली.

मग कुणी आलं नाही. राजा रोज पंगतीतून फिरे, दगडी पानांवरची धूळ झाडी. बहिणीसमोर बसून गावच्या गोष्टी सांगे. गावच्या गोष्टी तरी त्याला कोण सांगणार? तो मनानंच रचून सांगे. साळुंकीही कमी बोलू लागली.

बाराव्या वर्षी दुपारच्या उन्हात दाराशी मेंढरं ओरडली. एक म्हातारा धनगर उंबऱ्यात उभा.

"आरं बाबा, घोटभर पानी मिळंल का?"

राजा धावला. पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. नाव पुसलं नाही, गाव पुसलं नाही. किती दिवसांनी माणसाचा आवाज कानी पडला होता! शापाचं भानच राहिलं नाही त्याला. चुलीवर स्वतःच्या हातचं कुळथाचं पिठलं होतं, दोन भाकऱ्या होत्या. एकेक भाकरी दोन पानांवर ठेवली, पिठलं वाढलं, आणि समोर बसला.

"भाकरी करपली आहे हो," राजा म्हणाला.

"दिसतंय की. बायकू न्हाई वाटतं?"

"नाही. बहीण आहे. ती... बोलत नाही."

"बोलंल. भनी लई दिस रुसत न्हाईत."

धनगर सावकाश जेवत होता. राजा त्याचं जेवणं बघत होता, आपल्या पानाला त्यानं हात लावला नव्हता. धनगरानं बोटं चाटली आणि पान पुढं सरकवलं.

"बेस झालंय. आनिक हाय का रं?"

साळुंकीनं पंख फडफडवले. राजानं भांड्यात पाहिलं, भांडं रिकामं. मग आपल्या पानाकडे पाहिलं.

"भांड्यात नाही," तो म्हणाला. "माझं पान अजून उष्टं झालेलं नाही. चालेल?"

"मंग तू काय खाशील?"

"मी बसेन तुमच्याजवळ."

"वाढ," धनगर म्हणाला.

राजानं आपलं सगळं पिठलं त्याच्या पानावर वाढलं. मागं पळीचा आवाज झाला. पंगत हलली. बारा वर्षांपूर्वीचं हसू लोकांच्या तोंडात अर्धंच होतं, ते तिथंच ओशाळलं. साळुंकी उडून गेली.

चारुमती पळी घेऊन उभी होती. तिच्या लेखी क्षणही सरला नव्हता. म्हणाली, "दादा, त्या आजी कुठं गेल्या? आणि तुझे केस रे कधी पिकले?"

राजानं धनगराला हाताला धरून शेवटच्या पानावर नेऊन बसवलं.

"वाढ बाई," तो म्हणाला. "आमटी गार होईल."

तेव्हापासून त्या राज्यात कुणी मागितलं तर हसत नाहीत. जसं धवलसेनाच्या दाराशी माणूस आलं, तसं ऐकणाऱ्याच्याही दाराशी येवो.