आभाळ्याचा हात

"आन् गोटी त्याच्या छातीवर पडली तर?"

दर्ग्याच्या ओट्यावर बसून मदारबाबा चिलीम साफ करत होते.

विचारणारा आभाळ्या होता. नाव सर्जेराव, पण उडत येतो म्हणून अख्खा मुलूख त्याला आभाळ्या म्हणायचा. नदीला लोंढा आला तेव्हा यानं एकट्यानं पाणी अडवून धरलं होतं. वाहून चाललेली घरं माणसांसकट उचलून माळावर नेऊन ठेवली होती. वर कुणाच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. माणूस सोन्यासारखा, खोटं कशाला बोला. फक्त आपल्याला न जमणारं असं काही असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"कुनाच्या छातीवर?" बाबांनी विचारलं.

"हिंदुरावच्या. मारुतीपुढची गोटी."

गोटी म्हणजे देवळापुढचा गरगरीत काळा दगड. जत्रेला ती खांद्यावर घेऊन देवळाला फेरी घालायची, हा त्या गावचा मान. रीत एकच. गोटी गुडघ्याच्या वर गेली की दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. बापाचासुद्धा नाही.

हिंदुराव कुंभाराघरचा, अंगानं बेताचा. कैक वर्षं तो त्या दगडाशी झटत होता, लोक हसले तरी झटत होता. यंदाच्या जत्रेत गोटी छातीपर्यंत आली. पाय लटपटले, मानेच्या शिरा फुगल्या… आणि आभाळ्यानं गर्दीतून पुढं होऊन ती एका हातानं काढून घेतली. झाडावरचा आंबा काढावा तशी.

लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. हिंदुराव त्या दिवसापासून त्याच्याशी बोलला नव्हता.

"म्या वाचवला त्याला, बाबा."

"व्हय."

"जत्रा सरली तरी उद्या परत उचलनार हाय. निरोप धाडलाय मला. ह्या खेपेला मधी आलास तर गाव सोडीन, परत तोंड दावनार न्हाई, म्हनतोय." आभाळ्याचा आवाज खाली आला. "आन् म्या हात न्हाई घातला, आन् त्यो मेला तर? म्या तितं हुबा असताना?"

बाबांनी चिलमीत फुंकर मारली.

"कायतरी बोला की, बाबा."

"तुज्यावर राग हाय माजा."

आभाळ्या चपापला. असं तोंडावर त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. "माज्यावर? तो का?"

"गुरवारी पोरं गोष्टीला बसत्यात हितं. म्हनत्यात, आभाळ्याची सांगा. म्या सुरू करतो. पूर आला, बाया पोरं घिऊन छपरावर चढल्या, पानी पत्र्याला लागलं… पोरं तोंडात बोट घालून बसत्यात. मग तू येतोस."

"मग?"

"मग काय? संपली. तंबाखू मळून हुईस्तवर टिकत न्हाई तुजी गोष्ट. धंदा बसवलास माजा."

आभाळ्याला हसू आलं. मग ते मावळलं.

"म्हंजी म्या जायाचंच न्हाई? मानसं मरू द्यायची?"

"असं म्हनलो म्या?"

"न्हाई. पर हात कवा घालायचा आन् कवा न्हाई, त्ये तरी सांगा. एवढ्यासाठनं आलोय."

"पडला तर धर. पडंल वाटलं म्हून धरू नगं."

"त्यातला फरक कळायचा कसा?"

बाबा उठले. कोपऱ्यातली घागर त्यांनी काखेत मारली.

"चल माज्या मागनं. पानी आनायचंय."

झरा खाली, कड्याच्या पोटात होता. वाट वीतभर रुंद, आणि एका अंगाला दरी. बाबांचं वय ऐंशीच्या घरात, उजवा गुडघा कामातून गेलेला.

"बाबा, म्या आनतो की. तुमी डोळा मिटून उघडायच्या आत."

"ठाव हाय मला," म्हणत बाबा उतरू लागलेसुद्धा.

उतरताना काही झालं नाही. बाबांनी घागर भरली, खांद्यावर घेतली आणि चढायला लागले. आभाळ्या मागं.

वळणावर खडी सरकली. बाबा एका गुडघ्यावर आले. घागर हिंदकळली, पायाखालचा एक धोंडा सुटून दरीत गेला, आणि तो तळाला पोचल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

आभाळ्याचा हात पुढं झेपावला होता. बाबांच्या पाठीपासून बोटभर अंतरावर तो थांबला.

बाबांनी वळून पाहिलं नाही. ते धापा टाकत होते. त्यांची बोटं एक मूळ शोधत होती… ते सापडलं. सुटलं. पुन्हा सापडलं.

पुढं काय होणार, हे आभाळ्याला उभ्या जन्मात पहिल्यांदाच कळत नव्हतं. मला या माणसाचं खरं कौतुक वाटतं ते इथं. पूर अडवायला त्याला काहीच कष्ट पडले नसतील. तो हात तिथंच ठेवायला मात्र त्याचं सगळं बळ लागलं.

बाबा मुळाला धरून उठले. एक पाऊल टाकलं. थांबले. पुन्हा एक.

दर्गा येईपर्यंत ते असेच चढले. अडखळत, थांबत, पण पडले नाहीत. मागचा हातही त्यांना कुठं लागला नाही.

ओट्याशी येऊन बाबांनी घागर उतरवली आणि मागं पाहिलं.

आभाळ्या भिंतीला टेकून उभा होता. सदरा घामानं अंगाला चिकटलेला.

बाबांनी घागरीतून पेला भरला आणि त्याच्यापुढं धरला.

"लई वझं आनलंस. बस. पानी पी."