नदीपलीकडे पोचलेला पाढा

ही गोष्ट माझ्याइतकी झकास दुसऱ्या कुणालाही सांगता येणार नाही. अर्थात, दुसऱ्या कुणाला ती ठाऊकच नाही, हेही एक कारण असेल. मधे पाढे येतात, तिथं मी अडखळेन. शिकलेल्यांनी हसू नये. न शिकलेल्यांनी शिकलेल्यांकडे बघून खुशाल हसावं.

तर खूप खूप वर्षांपूर्वी, राजे फार नि त्यांना कामं कमी होती त्या काळात, एका नदीकाठी एक गाव होतं. गावात शाळा होती आणि शाळेच्या परीक्षेची एक रीत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजाचे प्रधानजी पलीकडच्या काठावर उभे राहत. अलीकडून मुलं पाढे म्हणत. ज्या वर्गाचा पाढा पलीकडे पोचला, तो वर्ग चालू. ज्याचा नाही पोचला, तो बंद.

ही रीत पाय ओले करायचा कंटाळा असलेल्या कुठल्याशा राजानं पाडली होती. पण जुनी झाली, म्हणून सगळे तिच्या पाया पडत. तुमच्या घरी असं काहीच नसेल म्हणा!

त्यामुळे गावात आवाज म्हणजेच विद्या. गुरुजींची शंभर मुलं पाढे म्हणायला लागली की झाडावरचे बगळे मुक्काम हलवत. आयाबाया कौतुकानं म्हणत, "काय शिकवतात गुरुजी! पार घाटावर ऐकू येतं!"

शाळेमागं एक रिकामा गोठा होता. गुरुजींना नकोशा झालेल्या सहा मुलांना तिथं एक बाई शिकवत. एकाला एका जागी बसवत नसे. एकीला अक्षरं उलटी दिसत. एक जण विचारलेला प्रश्नच परत विचारी. गावचे पंचही तेच करत, पण त्यांना कुणी गोठ्यात बसवलं नव्हतं.

भाद्रपदात तिथं सातवी आली. आठ वर्षांची मुलगी. ती बोलत नसे. पाढ्यांचा गलका उठला की कान दाबून रडे. तिची आई दिवसभर शेतात राबे आणि पोर नदीकडे पळते म्हणून तिला घरात ठेवून बाहेरून कडी घाली.

"हिला ठेवून घ्या, बाई," आई म्हणाली. "कडी घालून शेतात गेले तरी जीव सगळा दाराशीच असतो हो माझा."

"राहू दे की!" बाई म्हणाल्या.

पण दसऱ्याला वर्ग बंद झाला तर कडी पुन्हा लागणार, हे दोघींनाही कळत होतं.

बाईंनी गोठ्यातला गलकाच बंद केला. पाढे बोटांवर सुरू केले. प्रश्न बोटांनी, उत्तरही बोटांनीच. उत्तरात आधी दशकांची बोटं दाखवायची, मग एककांची. वाकवलेलं बोट म्हणजे अर्धा. बाकीची मुलं रमली. नवी मुलगी नुसती बघत बसे. असे पंधरा दिवस गेले.

एके दिवशी सात पाचे दाखवताना बाई चुकल्या. आधी तीन बोटं दाखवली, मग पाचाऐवजी सहा. मुलगी उठली, बाईंजवळ आली आणि त्यांचं सहावं बोट हलकेच दुमडून टाकलं. पस्तीस!

बाई आनंदानं अशा ओरडल्या, की त्या गोठ्यातला वर्षभरातला सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच झाला.

गुरुजी खिडकीतून डोकावले. "काय हो बाई, म्हशी होत्या तेव्हा इथून जास्त आवाज यायचा. प्रधानजींना काय ऐकवणार तुम्ही?"

बाई हसल्या नि पुढचा पाढा दाखवू लागल्या. पण दसऱ्याला उरलेले दिवसही त्यांनी बोटांवर मोजलेच.

आश्विन उजाडला. परीक्षा दोन दिवसांवर आली आणि डोंगरात हस्ताचा पाऊस असा कोसळला, की नदी दुथडी भरून गरजू लागली. नाव बंद पडली. प्रधानजी मात्र पलीकडे वेळेवर हजर. रीत म्हणजे रीत!

शंभर मुलं ओरडली. गळ्याच्या शिरा फुगल्या. गुरुजींनीही आपला गळा त्यात घातला. प्रधानजींनी कानामागं हात धरला, मान हलवली आणि लेखणी उचलली. आता गोठाच काय, अख्खी शाळा बंद होणार! गुरुजी मटकन खाली बसले.

प्रधानजी काहीतरी ओरडले. तेही ऐकू आलं नाही. वैतागून त्यांनी बोटं दाखवली. सात. मग सहा.

"काय म्हणतायत, गुरुजी?"

"आशीर्वाद देतायत! नमस्कार करा रे!"

शंभर मुलांनी वाकून नमस्कार केला.

ती मुलगी मात्र काठावरच्या खडकावर चढली. तिनं चार बोटं वर केली. मग दोन. सात सक बेचाळीस. शेजारणीला विचारून घेतलंय, बरोबर आहे.

प्रधानजींची लेखणी थांबली. पण तेही बेरकी. त्यांनी दोन बोटं सरळ आणि एक वाकडं धरलं. मग सहा. अडीचकी! भल्याभल्यांची बोबडी वळवणारा पाढा. मुलगी त्या वाकड्या बोटाकडे बघून खुदकन हसली. तोवर गोठ्यातली सहाही जणं तिच्यामागं खडकावर चढली होती. सातही हात वर गेले. एक बोट. मग पाच.

पंधरा!

प्रधानजींनी पगडी काढून हवेत उडवली. ती नदीत पडली नि वाहून गेली, पण त्यांना तिचं भानच नव्हतं. ते लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

'शाळेचा पाढा पोचला,' असं त्यांनी लिहून टाकलं आणि एकही वर्ग बंद झाला नाही. मुलीच्या आईनं घरी जाऊन दाराची बाहेरची कडीच उपटून काढली. आणि राजानं नवा हुकूम काढला: प्रधानजींनी यापुढं नदी ओलांडून यावं आणि एकेका मुलाशेजारी बसून, त्याला जमेल तशी परीक्षा घ्यावी.

तात्पर्य काय, तर उत्तर मिळत नसेल तेव्हा मुलाला दोष देण्याआधी विचारायची तऱ्हा बदलून बघावी.

गुरुजींना मात्र हे सहजी पचेना. संध्याकाळी ते म्हणालेच, "सगळं खरं, बाई. पण तुमच्या मुलांचा आवाज काही पलीकडे गेला नाही."

बाई म्हणाल्या, "तुमच्या शंभरांचा तरी कुठं गेला, गुरुजी?"